नातीचा इंग्रजीचा प्रकल्प आणि दुकानाची पायरी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण)



या समारंभात चार शब्द बोलावेत अशी विश्वस्तांनी आज्ञा केली, तेव्हा प्रथम मी नम्रपणे नकारच दिला. माझे सारे आयुष्य माळशिरसच्या पेठेत, कापडाच्या गादीवर गेले. शिवाजी विद्यापीठाची बी.कॉम.ची पदवी घेतली ती वडिलांच्या आग्रहाखातर, आणि पदवीचे कागद पेटीत ठेवून दुसऱ्याच दिवशी हातात मीटरपट्टी घेतली. साहित्याशी माझा संबंध वाचकाचा, तोही दुकान बढवल्यानंतरचा. तथापि गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरात एक प्रसंग घडला. तो विद्यार्थ्यांपेक्षाही आपणा वडीलधाऱ्यांसाठी अधिक उपयोगाचा वाटतो, म्हणून आज तोच आपणापुढे ठेवतो.

माझी नात इंग्रजी माध्यमात नववीत शिकते. सुट्टीसाठी तिला इंग्रजीच्या बाईंनी एक प्रकल्प दिला होता. विषय होता पूर्वग्रह. या विषयावरच्या दोन कादंबऱ्या निवडायच्या, त्या वाचायच्या, त्यांची तुलना करायची आणि शेवटी आपण याच दोन का निवडल्या ते लिहायचे. पुस्तके मूळ इंग्रजी असावीत किंवा इंग्रजीत अनुवादित झालेली असावीत, आणि आत्मचरित्र नको, कादंबरीच हवी, अशी अट होती. नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही एवढं वाचता, तुम्हीच सांगा ना कोणती घेऊ." मला आनंद झाला. नातवंडांनी आजोबांना पुस्तकाविषयी विचारावे, हे भाग्य अलीकडे फार थोड्यांच्या वाट्याला येते.

पूर्वग्रह हा शब्द आपल्याला अवघड वाटण्याचे कारण नाही. एखाद्याविषयी मनात आधीच ग्रह करून घेणे, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या धंद्यात तागा न उलगडता मालाची किंमत सांगणारा दुकानदार फसतो. माणसाच्या बाबतीत तीच चूक करणारा मात्र बहुधा फसत नाही. फसतो तो समोरचा, आणि नुकसानही त्याचेच होते. म्हणून ही चूक वर्षानुवर्षे आपल्या ध्यानात येत नाही.

पहिले पुस्तक निवडणे सोपे गेले. हार्पर ली या अमेरिकन लेखिकेची 'टु किल अ मॉकिंगबर्ड' ही १९६० साली प्रसिद्ध झालेली कादंबरी. पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पुरस्कार मिळाला, आणि तेव्हापासून जगभरच्या शाळांतून ती शिकवली जाते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यातल्या एका छोट्या गावात, १९३० नंतरच्या मंदीच्या काळात ती घडते. ॲटिकस फिंच नावाचा गोरा वकील टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुराचा खटला चालवतो. टॉमवर बलात्काराचा खोटा आरोप आहे. तो निर्दोष आहे हे भर न्यायालयात स्पष्ट होते, आणि तरीही पंच त्याला दोषी ठरवतात. हे सारे वकिलाच्या लहान मुलीच्या तोंडून सांगितले आहे. नातीने चार दिवसांत पुस्तक संपवले. निकालाच्या प्रसंगाशी तिचे डोळे भरून आले.

खरे सांगतो, मला समाधान वाटले. अमेरिकेत गोऱ्यांनी काळ्यांवर अन्याय केला, तो मुलीला समजला, तिला वाईट वाटले, विषय पूर्ण झाला असे मी मनाशी धरले. त्या समाधानात माझे काहीच खर्च होणार नव्हते, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही. वास्तविक अमेरिकेतील गुलामगिरी आणि आपल्याकडील जातिभेद यांची सांगड महाराष्ट्रात फार पूर्वी घातली गेली होती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला आणि गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना तो अर्पण केला. म्हणजे हार्पर लीच्या कादंबरीआधी ८७ वर्षे आपल्या माणसाने हे नाते ओळखले होते. मी मात्र पदवीधर होऊनही ते विसरलो होतो.

दुसरे पुस्तक भारतीय असावे असे बाईंनी सुचवले होते. म्हणून मुल्कराज आनंद यांची 'अनटचेबल' मागवली. अनेक प्रकाशकांनी नाकारल्यानंतर १९३५ साली ती इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. ई. एम. फॉर्स्टर या नामवंत कादंबरीकाराने तिला प्रस्तावना लिहिली. हे आनंद पुढे २००४ साली आपल्या पुण्यातच निवर्तले. बाखा नावाच्या सफाई कामगार तरुणाच्या आयुष्यातला एकच दिवस या कादंबरीत आहे.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हते. नात दुकानात माझ्याशेजारी बसून मोठ्याने वाचत होती. बाखा बाजारात जातो. त्याला जिलेबी खावीशी वाटते. हलवाई वजन करून पुडा बांधतो आणि तो बाखाच्या हातात न देता चेंडूसारखा त्याच्याकडे फेकतो. बाखा नाणी फळीवर ठेवतो. दुकानातला पोऱ्या त्या नाण्यांवर पाणी शिंपडतो आणि मगच ती उचलतो.

मी तिला म्हणालो, "थांब जरा." तिला वाटले, गिऱ्हाईक आले.

विद्यार्थी मित्रहो, मी थांबवले याचे कारण असे, की तो हलवाई मला ओळखीचा वाटला. माझे वय आज साठीच्या पुढे आहे. मी दहा वर्षांचा असताना, म्हणजे १९७० च्या सुमारास, शाळा सुटली की वडिलांच्या दुकानात बसत असे. आठवडे बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतून गिऱ्हाईक येई. काही गिऱ्हाइके गादीवर टेकत आणि काही पायरीच्या खाली उभी राहत. कोणी खाली उभे राहायचे हे त्यांना कोणी सांगत नसे, त्यांना ते माहीत असे. मांजरपाट असो, लुगडे असो, दिवाणजी कापड फाडून घडी घालत आणि खाली उभ्या असलेल्या माणसाच्या पसरलेल्या हातांवर वरून टाकत. पैसे ते पायरीवर ठेवत, आणि दिवाणजी ते गल्ल्यात टाकण्यापूर्वी तांब्यातले पाणी त्यांवर सोडत. दुकानाबाहेरच्या कोनाड्यात एक जर्मनचा पेला पालथा घातलेला असे. तो कोणासाठी, हे मी कधी विचारले नाही. मला विचारावेसेच वाटले नाही.

माझे वडील दुष्ट नव्हते. १९७२ च्या दुष्काळात याच पायरीखालच्या कुटुंबांना त्यांनी उधारीवर कापड दिले, आणि पुढे कित्येकांची बाकी आपल्या हाताने वहीतून वजा टाकली. हे मी स्वतः पाहिले आहे. पण उधारीचे कापडही वरूनच टाकले जाई. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या, आणि दोन्ही खऱ्या आहेत. कादंबरीतल्या हलवाईला एका वाक्यात वाईट ठरवून मोकळे होता येते. वडिलांच्या बाबतीत मला ते जमेना, आणि तेथूनच माझा खरा विचार सुरू झाला.

भारतीय राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने १९५० सालीच अस्पृश्यता नष्ट केली होती. १९५५ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला आणि दुकानात असा भेद करणे हा गुन्हा ठरला. मी जे सांगतो आहे ते त्यानंतर पंधरा वर्षांनी घडत होते. आणखी एक गोष्ट मला आज अधिक टोचते. त्याच वयात पाठशाळेत गुरुजी आम्हाला यमपाल चांडाळाची कथा सांगत. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात अहिंसा अणुव्रताचे उदाहरण म्हणून कोणा राजाचे किंवा श्रेष्ठीचे नाव घेतले नाही, एका चांडाळाचे घेतले. चतुर्दशीला वध न करण्याचा नियम त्याने प्राणावर उदार होऊन पाळला. ही कथा मी तोंडपाठ म्हणून दाखवत असे आणि पाठशाळा सुटली की तो पालथा पेला ओलांडून दुकानात जात असे. दोहोंचा काही संबंध असेल, असे कोणी म्हणाले नाही.

आपल्या तालुक्याच्या इतिहासातल्या एका प्रकरणाचाही येथे उल्लेख करणे भाग आहे. १९४७ च्या मे महिन्यात शेजारच्या पंढरपुरात साने गुरुजींनी विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले. त्याच वर्षी मुंबई सरकारने हरिजन मंदिर प्रवेशाचा कायदा केला. तो जैन मंदिरांना लागू होतो की नाही, हा वाद आपल्या अकलूजच्या मंदिरावरून उच्च न्यायालयात गेला. जैन धर्म स्वतंत्र आहे या भूमिकेसाठी परमपूज्य आचार्य शांतिसागर महाराजांनी अन्नत्याग केला होता, आणि १९५१ साली निकाल जैन समाजाच्या बाजूने लागला. तो वाद मी आज उकरून काढत नाही, तेवढा माझा अधिकारही नाही. परंतु एक प्रश्न मनात येतो, तो नम्रपणे मांडतो. आपण वेगळे आहोत, हे आपण न्यायालयाला पटवून दिले. मग कापड वरून टाकताना आणि नाण्यांवर पाणी सोडताना आपण वेगळे का नव्हतो? त्या बाबतीत आपण पेठेतल्या इतर सर्वांसारखेच कसे वागलो?

हे सारे मी त्या दुपारी नातीला सांगितले. सांगून झाल्यावर मनावरचे ओझे उतरल्यासारखे वाटले. जुनी गोष्ट कबूल केली, ती आता राहिली नाही, पेलाही राहिला नाही, असा थोडा अभिमानही वाटला. नात थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "आजोबा, मग परवा त्या पारधी बाई आल्या तेव्हा दुकानातल्या काकांना त्यांच्या मागे का उभं केलंत? बाकी कुणाच्या मागे नाही उभं करत."

मी म्हणालो, "अगं, तो अनुभव असतो धंद्याचा."

"चोरी केली होती का कधी त्यांनी?"

मी प्रामाणिकपणे आठवू लागलो. चाळीस वर्षांत माझ्या दुकानात हातोहात पकडलेल्या चोऱ्या चार. त्यांतली एकही पारधी माणसाने केलेली नाही. एक तर चांगल्या खात्यापित्या घरच्या व्यक्तीने केली होती, आणि ती बाहेर कळू नये म्हणून मीच काळजी घेतली होती. मग माझा अनुभव म्हणजे नेमका कोणता?

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्माला आलेले मूलही गुन्हेगार ठरवले. आपल्या सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती. तिचे नाव आजही त्या भागाला आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती कायद्याने मुक्त झाल्या. अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' ही १९५९ ची कादंबरी मी कॉलेजात असताना वाचली होती. मांग समाजावर लादलेल्या हजेरीची चीड त्या वेळी मलाही आली होती. आणि इकडे मी माझ्या दुकानात, कायदा रद्द होऊन सत्तर वर्षे उलटल्यावरही, एका बाईची नजरेने हजेरी घेत होतो.

बंधुभगिनींनो, आपल्याविषयीही लोकांच्या मनात पूर्वग्रह आहेत, हे मी विसरलेलो नाही. 'शेटजी-भटजी' हा जोडशब्द आपण सर्वांनी ऐकला आहे. नाटक-सिनेमातला सावकार आणि दुकानदार कसा रंगवला जातो, तेही पाहिले आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून जे दंगे सुरू झाले, त्यांत गुजर आणि मारवाडी सावकारांची घरे-दुकाने लुटली गेली, कर्जाची कागदपत्रे जाळली गेली. त्यामागे सावकारीतला जुलूम होता, हे नाकारता येत नाही. पण त्यामुळे प्रत्येक दुकानदार लबाड, असे मानणे हाही पूर्वग्रहच. मला क्षणभर वाटले, नातीला सांगावे, आपल्यावरच्या अन्यायाचे एखादे पुस्तक शोध. मग लक्षात आले, की पेच सोडवण्याचा हाही सोपा मार्ग होता. ज्याला आपल्यावरचा पूर्वग्रह बोचतो, त्याला दुसऱ्यावरचा लवकर कळायला हवा.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. शाळेने असा प्रकल्प दिला तर पुस्तक निवडावे कसे? या खटाटोपात मी जे शिकलो ते विद्यार्थी आणि पालक या दोघांसाठी सांगतो.

पहिली गोष्ट, एक पुस्तक दूरचे घ्यावे आणि एक जवळचे. दूरच्या पुस्तकात अन्याय स्पष्ट दिसतो, कारण त्यात आपले हितसंबंध नसतात. जवळच्या पुस्तकात तो ओळखण्याची सवय दूरच्या पुस्तकाने लागते. नुसते दूरचे वाचले तर माझ्यासारखे फुकटचे समाधान पदरी पडते.

दुसरी गोष्ट, कथा कोण सांगतो ते पाहावे. 'मॉकिंगबर्ड' गोऱ्या मुलीने सांगितली आहे. टॉम रॉबिन्सन न्यायालयाबाहेर फारसा बोलतच नाही. आनंदांना बाखाविषयी कितीही कळवळा असला, तरी ते स्वतः त्या समाजातले नव्हते. म्हणून ज्याने सोसले त्याचे लेखनही वाचलेच पाहिजे, मग ते प्रकल्पाच्या अटीत बसो वा न बसो. त्यासाठी दूर जायला नको. शेजारच्या फलटण तालुक्यातील लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ला १९८१ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपल्याच जिल्ह्यातील अक्कलकोट तालुक्यातले शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ साली आले, आणि 'सनातन' या त्यांच्या कादंबरीला २०२० चा सरस्वती सन्मान मिळाला. सोलापूर जिल्ह्यातल्या किती घरांत ही पुस्तके आहेत, हे ज्याने त्याने आपल्या कपाटात पाहावे.

तिसरी गोष्ट, नायकाला देव मानू नये. हार्पर लीचे 'गो सेट अ वॉचमन' हे पुस्तक २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यात मोठी झालेली मुलगी आपल्या वडिलांकडे पुन्हा पाहते, तेव्हा तो सत्यवादी ॲटिकस गोऱ्या-काळ्यांनी वेगळेच राहावे या मताचा निघतो. जगभरचे वाचक दुखावले गेले. मला मात्र ते वाचून माझे वडील आठवले, आणि थोडा धीरही आला. आदर ठेवूनही चूक पाहता येते.

चौथी गोष्ट पालकांसाठी. अशा पुस्तकांत शिव्या असतात, अपमानाचे शब्द असतात, अंगावर काटा आणणारे प्रसंग असतात. मुलाच्या हाती देण्यापूर्वी आपण वाचावे, वयाचा विचार करावा. 'अक्करमाशी' नववीतल्या मुलीने लगेच वाचावे असे मी म्हणणार नाही, दोन-तीन वर्षांनी अवश्य वाचावे. पण नको म्हणण्याऐवजी सोबत बसून वाचावे. नात मनातल्या मनात वाचत असती, तर आज मी हे भाषण करत नसतो.

आणि पाचवी गोष्ट, वाचताना आपला धंदा, आपली गल्ली, आपली पायरी पुस्तकात कोठे आहे, ते शोधावे. नातीला बाखाचे दुःख दिसले. मला हलवाई दिसला. दोन्ही दिसणे आवश्यक आहे.

प्रकल्पाच्या शेवटी, ही पुस्तके का निवडली, या भागात नातीने आमच्या दुकानाविषयी लिहिले. कोनाड्यातला पेला लिहिला आणि परवाची पारधी बाईही लिहिली. वही मला दाखवून म्हणाली, "आजोबा, तुम्ही नको म्हणालात तर काढते." घरात दोन मते पडली. मुलगा म्हणाला, "गावात राहायचंय आपल्याला, शाळेच्या वहीत घरची अब्रू कशाला?" त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. मी रात्रभर विचार करत होतो. सकाळी सौ. चहा देताना एवढेच म्हणाली, "लिहू दे तिला. माझ्या माहेरीही होता तसा पेला." मी वही परत दिली. एक शब्दही काढला नाही. दुकानात कोणामागे माणूस उभा करायचा नाही, असे त्याच दिवशी सर्वांना सांगितले. सवय एका दिवसात जात नाही. नजर अजूनही कधी कधी वळते, तेव्हा माझी मलाच लाज वाटते.

दरवर्षी दशलक्षण पर्वानंतर आपण क्षमावाणीला एकमेकांच्या घरी जातो, हात जोडतो, वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागतो. ज्यांच्याकडे जातो, ते बहुतेक आपलेच असतात. पायरीखाली उभे राहिलेल्यांकडे मी कधी गेलो नाही. त्यांच्यापैकी एक गृहस्थ आज शिक्षक म्हणून निवृत्त होऊन गावातच राहतात. यंदा क्षमावाणीला मी त्यांच्याकडे गेलो. काय बोलावे ते सुचेना. त्यांनी आत बोलावले, पाणी दिले, आणि माझ्या वडिलांनी दुष्काळात दिलेल्या उधारीची आठवण काढली. पेल्याची आठवण त्यांनी काढली नाही. ती मीच काढली. ते म्हणाले, "शेठ, तो पेला आमच्या लक्षात आहे. तुमच्याही लक्षात आहे, हे मात्र आज कळलं."

ट्रस्टच्या विश्वस्तांना माझी एकच विनंती आहे. पन्नास वर्षांत आपण शिष्यवृत्त्या दिल्या, वह्या वाटल्या, पाठशाळा चालवली. आता वाचनालयात एक कपाट अशा पुस्तकांसाठी ठेवावे, आणि पुढच्या वर्षीपासून गुणगौरवात प्रत्येक विद्यार्थ्याला त्यांतले एक पुस्तक द्यावे. पहिल्या वर्षीच्या पुस्तकांचा खर्च माझ्याकडे लागला. पुस्तके निवडण्याचे काम मात्र मुलांकडे द्यावे. आपण निवडली तर दूरचीच निवडू, अशी मला भीती वाटते.

बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास क्षमा असावी. जय जिनेंद्र.